यादवी युद्धातल्या शिपायांची पत्रं ढिगानं मिळतात, मग त्यांच्या बायकांची कुठं गेली?

खानापूरची_शुभा

नमस्कार मंडळी. गेले काही महिने मी अमेरिकेच्या यादवी युद्धातली (१८६१ ते १८६५, उत्तरेकडची राज्यं विरुद्ध दक्षिणेकडची) घरगुती पत्रं वाचतेय, म्हणजे जनरलांची, लिंकनची वगैरे नाही, साध्या शेतकरी घरातली, आयोवा, मिनेसोटा, विस्कॉन्सिन, कॅन्सस अशा तेव्हा नव्यानं वस्ती होत असलेल्या मुलखातली. तिकडच्या विद्यापीठांनी आणि लायब्रऱ्यांनी स्कॅन करून नेटवर फुकट ठेवलीत. नाद लागला तो लागलाच. नवरा पलटणीत गेलाय, बायको पोरं घेऊन माळावरच्या एका खोलीच्या घरात, शेजार लांब, आणि हा तिकडनं विचारतोय की डुकरं विकलीस काय, गव्हाला भाव काय मिळाला, बैलाचा पाय बरा झाला काय, थोरल्याला शाळेत घातलंस का.

आपल्या भागातल्या माणसाला हे परकं वाटूच शकत नाही. खानापूर, बेळगाव, पलीकडं चंदगड, इथं अशी गावं आहेत की घरटी एक माणूस पलटणीत. आमच्या आज्जीच्या ट्रंकेत आजोबांची ७१ सालची पत्रं आहेत, सगळी निळी इनलँड, सुतळीनं बांधलेली. पण आज्जीनं आजोबांना पाठवलेलं एकही पत्र घरात नाही. आणि अमेरिकेतही मला तेच दिसतंय, नवऱ्याची साठ-सत्तर पत्रं एका फाइलीत आणि बायकोची एक-दोन, नाहीतर काहीच नाही. हे असं का होतं? बायका कमी लिहायच्या म्हणून, की लिहिलेलं टिकलं नाही म्हणून? आणि दुसरं म्हणजे तिची पत्रं नसतील तर तिचं आयुष्य आपण वाचायचं कसं, नवरा जे लिहितो त्यावर कितपत विसंबायचं? कुणी या विषयात वाचन केलं असेल तर जरा सविस्तर सांगा, त्रोटक नको.

टिळकवाडीकर

शुभाताई, प्रश्न लै चांगला विचारलात. बायका कमी लिहायच्या हे आधी डोक्यातनं काढून टाका. उत्तरेकडच्या खेड्यांत तेव्हा शाळा बऱ्यापैकी होत्या आणि बहुतेक शिपायांना, त्यांच्या बायकांना लिहिता-वाचता येत होतं, स्पेलिंग वाट्टेल तशी पण येत होतं. नवऱ्याच्या पत्राची सुरुवातच बघा, तुझं अमुक तारखेचं पत्र काल हाती आलं, त्याआधीचं मात्र मिळालं नाही. ती लिहीत होती, आणि बहुतेक त्याच्यापेक्षा जास्तच लिहीत होती.

पत्र टिकतं कुठं याचा विचार करा. त्याचं पत्र घरी येतं, घराला छप्पर आहे, पेटी आहे, बायबल आहे, त्यात ते जातं. तिचं पत्र जातं शिपायाच्या पाठीवरच्या पिशवीत. ती पिशवी घेऊन त्याला उन्हापावसात दिवसाला पंधरा-वीस मैल चालायचंय, आणि लांबच्या कूचमध्ये ही माणसं घोंगड्या, कोटसुद्धा रस्त्यात टाकून द्यायची, मग कागदाची काय कथा. नदी उतरताना भिजायचं ते वेगळंच. आणि मुख्य कारण, लढाईच्या आधी कितीतरी शिपाई घरची पत्रं स्वतःच्या हातानं जाळून टाकायचे. मेलो तर परक्यांनी आपल्या बायकोचं पत्र वाचू नये म्हणून. ही भीती खोटी नव्हती, रणांगणावर मेलेल्यांच्या खिशातनं काढलेली पत्रं लोक मोठ्यानं वाचायचे आणि दोन्हीकडच्या वर्तमानपत्रांनी अशी पकडलेली पत्रं छापलेलीसुद्धा आहेत. त्यामुळं जो नवरा बायकोची पत्रं जाळतो तो त्यांची किंमत जाणणारा असतो, हे मी मुद्दाम सांगतोय.

दोन्ही बाजू शिल्लक असलेली घरं आहेत, पण थोडी. आयोवाच्या २२व्या पायदळातला टेलर पीअर्स आणि त्याची बायको कॅथरीन, या दोघांचीही पत्रं राहिलीत, त्यानं जपून तिची घरी परत पाठवली म्हणून. ती रेजिमेंट १८६३ च्या मे महिन्यात व्हिक्सबर्गच्या हल्ल्यात होती. अशी जोडी वाचायला मिळाली तर पहिल्यांदा ती वाचा, म्हणजे एकतर्फी पत्रं वाचताना कान तयार होतो.

आता कसं वाचायचं. मी कॉलेजात पोरांना असं करायला लावायचो की एका वहीत डाव्या पानावर त्याचं पत्र उतरवायचं आणि उजव्या पानावर फक्त तिनं काय लिहिलं असणार तेवढं. तो म्हणतो 'तू घोडी विकायची म्हणतेस, माझ्या मते अजून थांब', म्हणजे घोडी विकायची कल्पना तिची. पुढच्या पत्रात म्हणतो 'विकलीस ते बरं केलंस', म्हणजे ती थांबली नाही. युद्धाच्या पहिल्या वर्षी तो हुकूम देतो, कुठल्या शेतात काय पेरायचं, कुणाकडनं किती येणं आहे, आणि तिसऱ्या वर्षापर्यंत भाषाच बदलते, तुला योग्य वाटेल ते कर, तिथली परिस्थिती तुला माझ्यापेक्षा जास्त कळते. हा बदल एका पत्रात दिसत नाही, ओळीनं वीस-पंचवीस वाचली की दिसतो. माझ्या दृष्टीनं या सगळ्या ढिगातली खरी गोष्ट हीच आहे. सगळ्यांना सुलिव्हन बॅलूचं पत्र माहीत असतं, १४ जुलै १८६१ ला बायकोला लिहिलेलं, त्यानंतर आठवड्याभरात तो बुल रनच्या लढाईत जखमी झाला आणि वाचला नाही. सुंदरच पत्र आहे, पण ते ऱ्होड आयलंडच्या एका वकिलाचं, शब्दांत वाकबगार माणसाचं. मला विचाराल तर डुकरांच्या भावाचं पत्र त्याच्याइतकंच मोलाचं.

एक सावधगिरी. तो घरी सगळं खरं लिहीत नाही. तब्येत उत्तम आहे असं लिहिणारा माणूस तेव्हा हगवणीनं आडवा झालेला असू शकतो, त्या युद्धात गोळीपेक्षा रोगानं जास्त शिपाई मेले. आणि तीही सगळं लिहीत नसणार. म्हणून पत्राच्या शेजारी जनगणनेचे कागद, मस्टर रोल म्हणजे पलटणीच्या हजेरीच्या याद्या ठेवून वाचायचं.

कॅम्पातला_माजी_हवालदार

टिळकवाडीकर सरांनी बरोबर सांगितलंय, मी टपालाच्या बाजूनं थोडं सांगतो, माझा हा जुना शौक हाय, तिकिटं आणि पाकिटं गोळा करूलोय लै वर्षं झाली, अमेरिकेची पण थोडी हायत.

तिकडं तेव्हा अर्ध्या औंसाच्या पत्राला ३ सेंट पडायचे. शिपायाचा पगार महिन्याला १३ डॉलर, आणि तोही वेळेवर कधी मिळायचा नाही, चार चार सहा सहा महिने पगारच नाही असं पण व्हायचं. खिशात तिकीट नाही, असलं तर घामानं चिकटून गेलेलं. म्हणून जुलै १८६१ मध्ये त्यांच्या काँग्रेसनं कायदा केला की शिपायानं पाकिटावर सोल्जर्स लेटर असं लिहून आणि अधिकाऱ्याची सही घेऊन तिकिटाशिवाय टाकायचं, पैसे घरच्यांनी भरायचे. म्हणजे बघा, पत्र सोडवायला बायकोला ३ सेंट मोजायला लागायचे. माळावर राहणाऱ्या बाईकडं रोख पैसा म्हणजे लोणी विकून, अंडी विकून आलेला. आणि तिनं उलट पाठवायचं तर तिकीट तिचंच, तिला ती सवलत नाही. शुभाताई तुमच्या प्रश्नाचं थोडं उत्तर इथं पण हाय, तिचं प्रत्येक पत्र पैसे मोजून गेलंय.

१८६१ मध्येच आणि एक भानगड झाली, सरकारनं जुनी सगळी तिकिटं रद्द केली आणि नवीन काढली, कारण दक्षिणेकडच्या पोस्टांत जुन्या तिकिटांचा मोठा साठा पडून होता, तो बंडखोरांनी उत्तरेत विकून पैसा करू नये म्हणून. दक्षिणेनं स्वतःचं टपाल खातं उभं केलं, जॉन रीगन नावाचा माणूस त्याचा प्रमुख, दर आधी ५ सेंट, १८६२ च्या जुलैपासनं १०. आणि तिकडं समुद्रावरनं माल यायचा बंद, कागदाची एवढी टंचाई की लोक भिंतीच्या वॉलपेपरची पाकिटं करायचे, नाहीतर आलेलं पाकीट उलटं करून परत वापरायचे. तसलं पाकीट आज बाजारात लै महाग हाय. आणि पानभर आडवं लिहून झालं की कागद फिरवून त्याच्यावरच उभं लिहायचे, वाचताना डोळे फुटतात पण सवय झाली की येतं.

घरपोच टपाल म्हणाल तर १ जुलै १८६३ ला फुकट घरपोच वाटप सुरू झालं, ते पण ४९ शहरांतच. खेड्यात नाहीच. खेड्यातल्या शेतकऱ्याच्या दारात पोस्टमन यायला १८९६ उजाडलं. तोपर्यंत दुकानाच्या कोपऱ्यात पोस्ट, दुकानदारच पोस्टमास्तर, हप्त्यातनं एकदा-दोनदा टपाल यायचं, आणि बाई गाडी जुंपून किंवा चालत जाऊन विचारणार, आलंय काय. सोबत दुकानात बसलेली दहा माणसं. लढाईची बातमी आधी यायची, पत्र मागनं यायचं, मधले दिवस कसे काढले असतील ते आमच्या आईला विचारायला पाहिजे होतं, १९६५ च्या युद्धावेळी मी नव्हतो पण वडील होते पलटणीत.

पैशाचं म्हणाल तर सुरुवातीला शिपाई नोटा पाकिटात घालून पाठवायचे, चोरी व्हायची, नाहीतर अॅडम्स एक्सप्रेससारख्या खासगी कंपनीतनं. १ नोव्हेंबर १८६४ ला त्यांच्या पोस्टाची मनीऑर्डर सुरू झाली, शिपायांच्या सोयीसाठीच, पण सुरुवातीला १४१ ऑफिसांतच. आपल्याकडं पोस्टाची मनीऑर्डर १८८० ची.

आणि तुमच्या आजोबांच्या इनलँडवर पत्त्यात ९९ एपीओ (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस) असेल तर ते पूर्वेकडचं, ५६ एपीओ असेल तर पश्चिमेकडचं. युनिटचं नाव लिहिलेलं असेल पण गावाचं नाव कुठंच नसणार. शिक्का बघा, त्यात फील्ड पोस्ट ऑफिसचा नंबर असतो.

खानापूरची_शुभा

९९ एपीओच आहे काका! आत्ताच बघितलं.

टिळकवाडीकर सर, वहीची कल्पना मी कालच आजोबांच्या पत्रांवर करून बघितली आणि अंगावर काटा आला. एका पत्रात लिहिलंय 'गुरवाच्या शेताचं तू म्हणतेस ते दादांना विचारून कर', त्याच्या पुढच्यात 'दादांनी लिहिलंय की तू विचारलं नाहीस, असो, पैसे कमी पडले तर लिही'. आज्जीनं शेत घेतलं होतं! आम्हाला घरात सगळ्यांना वाटतं की ते शेत आजोबांनी पेन्शनीत घेतलं.

आता पुढचं विचारते. या नव्या वस्तीच्या मुलखातल्या अमेरिकन बायका जमीन सांभाळत होत्या म्हणजे कायद्यानं जमीन कुणाची? होमस्टेडचा कायदा मी वाचला, १६० एकर फुकट, पण पाच वर्षं तिथं राहायला पाहिजे अशी अट. मग नवरा युद्धावर असेल तर?

निपाणीकर_वकील

याचं उत्तर माझ्याकडं आहे. होमस्टेड कायद्यावर लिंकनची सही २० मे १८६२ ची आणि अंमल १ जानेवारी १८६३ पासून. कुटुंबप्रमुख किंवा २१ वर्षं पूर्ण झालेला कुणीही, नागरिक किंवा नागरिकत्वाचा अर्ज केलेला, आणि ज्यानं सरकारविरुद्ध शस्त्र उचललेलं नाही असा. म्हणजे दक्षिणेकडचा बंडखोर शिपाई बाहेर. १४ दिवस जरी सैन्यात काढले असतील तरी वयाची अट माफ. घर बांधायचं, जमीन कसायची, पाच वर्षं राहायचं, मग पट्टा मिळणार. एकटी बाई, विधवा, तिलाही अर्ज करता येत होता आणि बऱ्याच जणींनी केला. पण नवरा जिवंत असलेल्या बाईला नाही, तिच्या नावावर काही नाही, राबणार ती आणि कागदावर तो. आपल्याकडं उताऱ्यावर नाव कुणाचं आणि शेतात कोण हे ज्यांनी बघितलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

युद्धावरच्या माणसाचा प्रश्न १८६४ च्या मार्चमध्ये कायद्यात दुरुस्ती करून सोडवला. अर्ज करायला जमीन कचेरीत स्वतः हजर राहावं लागायचं, ते शिपायाला जमणार कसं, म्हणून घरचं माणूस जमिनीवर राहत असेल तर शिपायानं आपल्या कमांडिंग ऑफिसरसमोर प्रतिज्ञापत्र करायचं आणि ते चालायचं. म्हणजे कायद्यानं एक प्रकारे मान्यच केलं की बायको तिथं राहतेय म्हणून जमीन टिकतेय. पुढं १८७२ मध्ये सैन्यात काढलेला काळ पाच वर्षांतनं वजा करून द्यायची सवलत मिळाली.

आणि पत्रांचा एक मोठा साठा कुठं सापडतो ते सांगतो, इतिहासवाले लोक हे सांगायला विसरतात. पेन्शनच्या फाइलीत. १४ जुलै १८६२ च्या कायद्यानं मेलेल्या शिपायाच्या विधवेला पेन्शन, साध्या शिपायाच्या विधवेला महिन्याला ८ डॉलर, विधवा नसेल तर अवलंबून असलेल्या आईलासुद्धा. पण सिद्ध करायचं होतं. लग्न झालं होतं हे सिद्ध करा, मुलगा तुम्हाला पोसत होता हे सिद्ध करा. पुरावा काय देणार? मुलाची पत्रं, ज्यात लिहिलंय 'आई सोबत १० डॉलर पाठवतोय, मीठ आणि कापड घे'. आयांनी ती मूळ पत्रं सरकारला दिली आणि ती परत मिळाली नाहीत, आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात तशीच फाइलीत आहेत, पैशाच्या ओळीखाली कारकुनानं रेघ मारलेली. त्या आईनं मुलाची शेवटची आठवण देऊन महिन्याचे ८ डॉलर घेतले. मी कोर्टात कागद दाखल करणारा माणूस आहे, पण ही फाइल पहिल्यांदा स्क्रीनवर उघडली तेव्हा मला पुढं वाचवेना.

येळ्ळूरकर

ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांचं काय, ते कुणीच बोलेना. आमच्या पणजोबांची पलटण पहिल्या महायुद्धात इराकातल्या कुतला अडकलेली, तिथं १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या आणि २९ एप्रिल १९१६ ला सगळे कैद झाले. पणजोबा सहीपुरतेच शिकलेले, पणजीला तेही येत नव्हतं. आमच्यात पत्र म्हणजे तिऱ्हाइतानं लिहायचं आणि तिऱ्हाइतानं वाचायचं, मास्तर नाहीतर पोस्टमन, आणि ओट्यावर अर्धी गल्ली ऐकायला. तिथं बायको काय सांगणार? इकडील सर्व कुशल, पाऊस बरा आहे, म्हैस व्याली. एवढंच. अमेरिकेतही असंच होतं की, दवाखान्यात पडलेल्या जखमींची पत्रं दुसरेच लिहायचे. ख्रिश्चन कमिशन म्हणून एक संस्था होती तिचे स्वयंसेवक कागद, तिकीट घेऊन खाटेजवळ बसायचे. कवी वॉल्ट व्हिटमन वॉशिंग्टनच्या लष्करी दवाखान्यांत असंच करायचा, त्याच्या हातचं एका न्यू हॅम्पशायरच्या मरणाला टेकलेल्या शिपायासाठी बायकोला लिहिलेलं पत्र २०१६ मध्ये सापडलं, आणि कुठं सापडलं तर वकीलसाहेब म्हणतात तसल्याच पेन्शनच्या फाइलीत.

आपल्या माणसांच्या बाबतीत अजून एक दुःख आहे. १९१४-१५ मध्ये फ्रान्समध्ये गेलेल्या हिंदी शिपायांची पत्रं इंग्रज सेन्सॉर उघडून बघायचे आणि काही उतारे इंग्रजीत भाषांतर करून अहवालाला जोडायचे. ते अहवाल लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, त्यात मराठी शिपायांचे पण थोडे आहेत. मूळ मराठी कागद गेले, इंग्रजी उरलं. अमेरिकन शिपायाचं पत्र निदान त्याच्या चुकांसकट त्याच्या हातचं आहे. तेव्हा शुभाताई तुमची ट्रंक म्हणजे लहान गोष्ट नाही.

शहापूरची_मिनेसोटात

मी मूळची शहापूरची, आता बरीच वर्षं मिनेसोटात आहे, हा धागा रात्री जागून वाचला. सगळं बरोबर चाललंय पण तुम्ही सगळे नव्यानं वस्ती होत असलेला मुलूख म्हणताय ना, तो रिकामा नव्हता. ते बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही असं मला मनापासून वाटतं.

मी राहते तिथून मॅन्केटो गाडीनं दीड तासावर आहे. १८६२ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे होमस्टेडच्या कायद्यावर सही होऊन तीनच महिने झालेले, इथं डकोटा म्हणजे इथल्या मूळच्या आदिवासी लोकांचं आणि वसाहतवाल्यांचं युद्ध पेटलं. १८५१ च्या करारांनी डकोटांची बहुतेक जमीन गेलेली, बदल्यात वर्षाला पैसे आणि धान्य यायचं ठरलेलं, ते त्या वर्षी यादवी युद्धाच्या गडबडीत वेळेवर आलंच नाही आणि माणसं उपाशी होती. पाच-सहा आठवडे युद्ध चाललं, शेकडो वसाहतवाले मारले गेले, हजारो पळून गेले. त्या वेळी मिनेसोटाचे शिपाई दक्षिणेत लढत होते आणि त्यांना घरचं काही कळेना. तिसरी मिनेसोटा रेजिमेंट जुलैमध्ये टेनेसीत शरण गेली होती, तिच्या पॅरोलवर, म्हणजे परत शस्त्र उचलणार नाही अशा वचनावर, शत्रूनं सोडलेल्या माणसांना परत आणून याच युद्धात घातलं. तेव्हा शिपायाच्या पत्रात तुम्हाला बायकापोरांची काळजी दिसेल, आणि पुढच्याच ओळीत डकोटांबद्दल असलं काही दिसेल की वाचवणार नाही. दोन्ही वाचायचं, एक वाचून दुसरं गाळायचं नाही.

युद्धानंतर ३०३ डकोटा पुरुषांना फाशी सुनावली, खटले तर काही काही मिनिटांत उरकलेले. लिंकननं यादी कमी केली आणि २६ डिसेंबर १८६२ ला मॅन्केटोत ३८ जणांना एकाच वेळी फाशी दिली. बाकीच्यांना नंतर आयोवात डॅव्हेनपोर्टच्या तुरुंगात नेलं, बायका-मुलं-म्हाताऱ्यांना फोर्ट स्नेलिंगजवळच्या छावणीत थंडीत ठेवलं आणि मग मिसूरी नदीकाठी क्रो क्रीकला पाठवलं, तिथं उपासमारीनं कितीतरी लेकरं गेली. आणि आता तुमच्या विषयाचं. मॅन्केटोच्या तुरुंगात असतानाच हे लोक त्यांच्याच भाषेत लिहायला-वाचायला शिकले, मिशनऱ्यांनी डकोटाची लिपी आधीच बसवलेली होती. आणि त्यांनी पत्रं लिहिली. बायकोला, भावाला, स्टीफन रिग्ज नावाच्या मिशनऱ्याला, की माझी माणसं जिवंत आहेत काय ते सांग, कुठं आहेत ते सांग, माझा निरोप पोचव. त्यातली काही पत्रं राहिलीत आणि अलीकडं डकोटा भाषा जाणणाऱ्या वडीलधाऱ्यांनीच बसून ती वाचली, भाषांतर केली. ते कैदी १८६६ मध्ये सुटले.

युद्ध, नव्या वस्तीच्या मुलखातलं जगणं, घरची पत्रं, या तिन्ही गोष्टी एकत्र खऱ्या अर्थानं कुठं असतील तर त्या या कैद्यांच्या पत्रांत आहेत असं माझं मत आहे. आयोवाच्या शेतकऱ्याचं पत्र वाचताना शेजारी हे ठेवा. एकाच राज्यात, एकाच वर्षी, दोन माणसं आपापल्या बायकोची खुशाली विचारतायत आणि एकाचं घर दुसऱ्याच्या जमिनीवर उभं आहे.

तसंच गुलामगिरीतनं सुटून सैन्यात गेलेल्या माणसांची पत्रं. मिसूरीतला स्पॉट्सवूड राइस, सप्टेंबर १८६४ मध्ये सेंट लुईच्या लष्करी दवाखान्यातनं आपल्या मुलींना लिहितो, त्या अजून मालकिणीच्या ताब्यात, की मी तुम्हाला विसरलो नाही, जीव गेला तरी तुम्हाला न्यायला येणार. आणि त्याच वेळी त्या मालकिणीला वेगळं पत्र लिहितो, त्यातली धमक बघाच. काळ्या शिपायांना त्याआधी पगारही कमी होता, १० डॉलर आणि त्यातनं ३ कपड्याचे कापून घ्यायचे, १८६४ च्या जूनमध्ये काँग्रेसनं तो सारखा केला.

टिळकवाडीकर

शहापूरच्या ताई, तुमचे आभार मानावे तेवढे थोडे. डकोटा कैद्यांच्या पत्रांचं मला नीट ठाऊक नव्हतं. पुढच्या वेळी पोरांना शिकवायला बसेन तेव्हा हे आधी घेईन.

एक भर घालतो. फक्त इंग्रजी पत्रांवर थांबू नका. विस्कॉन्सिनची १५वी रेजिमेंट जवळजवळ सगळी नॉर्वेहून आलेल्यांची होती, तिचा कर्नल हान्स ख्रिश्चन हेग बायकोला, गुनिल्डला, सतत लिहायचा, १८६३ च्या सप्टेंबरमध्ये चिकामॉगाच्या लढाईत मारला गेला. जर्मन घरांचीही अशी पत्रं आहेत. आपण मराठीत घरी बोलतो, कन्नडमध्ये कचेरीत आणि इंग्रजीत शाळेत, आपल्याला हे लगेच समजेल की माणूस काय घरच्या भाषेत लिहितो आणि काय सरकारी भाषेत.

खानापूरची_शुभा

सगळ्यांचे मनापासून आभार. शहापूरच्या ताईंचं वाचून मी दोन दिवस काहीच लिहू शकले नाही. डकोटांची पत्रं शोधून वाचायला घेतलीत, हळूहळू चाललंय.

आज्जीच्या पत्रांबद्दल आईला विचारलं. आई म्हणाली आज्जीला लिहिता येत नव्हतं, शेजारच्या घरातली एक शाळेत जाणारी मुलगी लिहून द्यायची, आज्जी मागच्या पडवीत बसून हळू आवाजात सांगायची आणि त्या मुलीला बजावायची की घरी बोलायचं नाही. म्हणजे येळ्ळूरकर म्हणतात तसं ओट्यावर नाही, आज्जीनं आपली सोय केली होती. ती मुलगी आता सत्तरीच्या आसपास असणार, लग्न होऊन वास्कोला गेली. आईकडं तिच्या भावाचा नंबर आहे. रविवारी फोन लावतेय, शेताच्या पत्राचं तिला आठवतं काय ते विचारायचंय.

एक मदत पाहिजे. काही इनलँडवर घडीवर कुणीतरी सेलोटेप लावलाय, तो पिवळा पडून कडक झालाय आणि खालची अक्षरं दिसत नाहीत. ओढून काढू काय?

कॅम्पातला_माजी_हवालदार

अजिबात ओढू नका, शाई वर येती त्याच्याबरोबर. आहे तसं ठेवून आधी दोन्ही बाजूंचे फोटो घ्या, खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात, फ्लॅश नको, आणि एकदा मागनं उजेड धरून घ्या म्हणजे टेपखालची अक्षरं थोडी दिसतील. सुतळी काढून टाका, तिनं कडा कापतात. लॅमिनेशन करा म्हणून कोण सांगितलं तर ऐकू नका. प्लास्टिकच्या पिशवीत पण नको, आपल्याकडच्या पावसात आत घाम धरतो, अॅसिड नसलेला कागद मिळतो त्यात एकेक उलगडून ठेवा, घडी घालून नको. पत्रांवर पेनानं नंबर टाकू नका, मऊ पेन्सिलीनं मागच्या कोपऱ्यात टाका, तारखेच्या क्रमानं. टेप काढायचाच असेल तर कागदपत्रं दुरुस्त करणाऱ्या जाणत्या माणसाकडनंच काढून घ्या.

आणि वास्कोला फोन करताना त्या बाईंना विचारा की आजोबांची उत्तरं वाचून पण त्याच दाखवायच्या काय.

खानापूरची_शुभा

हो काका, तेही विचारते. रविवारी झालं की इथं टाकते.